जिनिव्हाला न गेलेलं वाक्य

बुधा,

तुला जाऊन आज तेरा दिवस झाले. मी शाळा भरवतो, पाढे म्हणून घेतो, संध्याकाळी खोलीवर येऊन चूल पेटवतो आणि मग तुझ्याशी भांडायला बसतो. तू होतास तेव्हा आपण काय कमी भांडलो? पण तेव्हा तू उलट बोलायचास. आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं, आणि मला माझ्याच आवाजाचा वीट आला आहे. म्हणून लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. त्याचा मी किती फायदा घेतला, तेच तुला सांगायचं आहे.

चार वर्षांपूर्वी माझी बदली उंबरवाडीला झाली, तेव्हा मला ती काळ्या पाण्याची शिक्षा वाटली होती. नगरसारख्या शहरात वाढलेला मी, इंग्रजी चांगलं म्हणून नावाजलेला, आणि आलो कुठं, तर राजूरच्याही पलीकडे, जिथं एसटी उतरवून जाते तिथून पुढं दोन तास चढ. पहिल्याच दिवशी तू शाळेच्या उंबऱ्यावर येऊन बसलास आणि विचारलंस, "तू नवा मास्तर का?" मला राग आला. वाडीतली सगळी ठाकर माणसं सगळ्यांनाच अरे-तुरे करतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "तहसीलदारालाही असंच 'तू' म्हणतोस का रे?" तू शांतपणे म्हणालास, "मंग? त्यो काय दोन जन हाय?"

या उत्तरावर मला हसू यायला एक वर्ष लागलं. आता वाटतं, तुला ओळखायला ते एवढं एक वाक्य पुरेसं होतं, पण माझं डोकं तेव्हा ताठ्यानं भरलेलं होतं.

तुमची बैठक मी पहिल्यांदा पाहिली ती तापात. मला हिवताप भरला होता, दोन गोधड्या अंगावर घेऊन मी कुडकुडत होतो आणि बाहेर माणसांची कुजबुज. दार ढकलून बघतो तर सगळी वाडी माझ्या अंगणात उकिडवी बसलेली. मला वाटलं, संपलो मी, ही माणसं शेवटचं भेटायला आलीत. तू आत येऊन म्हणालास, "शाळंवर कौलं घालायची का गवात, त्ये ठरवायचंय. तुला वाघोबाम्होरं याया व्हत न्हाई, म्हनून बैठक हिकडं आनली." मी चिडून म्हणालो की बाबांनो, ठरवा तुम्हीच, मला झोपू द्या. तू म्हणालास, "न्हाई. तुजं बी घर धरलंय."

तेव्हा मला तुमची रीत कळली. वाघोबाच्या दगडापुढं प्रत्येक घरचं एक माणूस बसायचं. एक घर जरी आलं नाही तरी बैठक बसत नाही. त्या घरी निरोप धाडायचा. तो आजारी असेल तर बैठकच उचलून त्याच्या दारात न्यायची. घर सोडून ठरवलेलं ठरवलेलं नसतं. तापातल्या माणसाला कौलं की गवत विचारणारी ही कसली अडाणी लोकशाही, म्हणून मी राजूरला चहा पिताना दुसऱ्या मास्तरांना हसत हसत हा किस्सा सांगितला होता. नगर जिल्ह्यात जन्मापासून राहूनही मला कुणी कुठल्या बैठकीत धरलं नव्हतं, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. त्या दिवशी मला किती बरं वाटलं होतं, हे तुलाही कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

मग गेल्या वैशाखात ओढ्याच्या तोंडाशी लाल डोक्यांच्या खुंट्या दिसल्या. कुणी ठोकल्या, कधी ठोकल्या, वाडीला पत्ता नाही. तलाठ्याकडून कळलं की तिथं तलावाचा बांध पडणार, भाताची खाचरं आणि खालची आळी पाण्यात जाणार. तुझ्या बापाची वाडी अशीच एका मोठ्या धरणाखाली गेली होती आणि तेव्हा तो डोंगर चढून इथं आला होता. आता आणखी वर चढायला डोंगरच उरला नव्हता.

आपण दोघं अर्ज घेऊन नगरला गेलो. राहुरी आली तसा खिडकीतून दिसणारा हिरवागार ऊस तू मान वळवून वळवून बघत राहिलास. मला वाटलं, तू आता हा ऊस पोसणाऱ्या मुळा धरणाला शिव्या घालणार. तू म्हणालास, "लई ग्वाड पीक हाय. पानी वाईट न्हाई मास्तर. पानी कुनाला नगं?" मग ऊस मागं पडल्यावर म्हणालास, "पन ज्याचं बुडलं त्याला आदी इचारलं आसंल का?" कचेरीत आपल्या अर्जावर आवक शिक्का बसला, आणि पुढं काही झालं नाही.

त्याच सुमाराला मार्था आली. उत्तर युरोपातली ही बाई ठाकरांच्या नाचाची गाणी टेप करायला राजूरला येऊन राहिली होती, आणि वाडी तिला 'मारताई' म्हणायला लागली होती. तिनं तिच्या मोडक्या मराठीत सांगितलं की तिच्या देशात अगदी उत्तरेला हरणं राखणारे लोक आहेत, त्यांच्याही नद्यांवर सरकार धरणं बांधतंय. तू एकदम पुढं सरकलास. "त्यास्नी इचारलं हुतं?" ती म्हणाली, नाही. तू मांडीवर थाप मारलीस. मला तुझा तो आनंद विचित्र वाटला. दुसऱ्याचं बुडालं म्हणून खूश होणारा माणूस! मी तसं बोललोही. तू म्हणालास, "खूश न्हाई रं. इतकं दिस वाटायचं, आमच्यातच कायतरी खोट आसंल."

ती पुढं म्हणाली की अमेरिकेतले, ऑस्ट्रेलियातले, जगभरातले असे मूळचे लोक आता एकमेकांना शोधू लागले आहेत. त्यांच्या राजकीय हक्कांसाठी भांडणारी मंडळी जिनिव्हाला जमणार आहेत. दया मागायला नाही, तर आमच्याबद्दल ठरवताना आम्हाला बरोबरीनं बसवा, हे सांगायला. तिथं ठिकठिकाणची पत्रं वाचली जाणार होती. तुमचंही द्या, ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघून दोनदा बजावलं, "त्यांच्या शब्दांत. तुमच्या नाही." मी मान डोलावली.

पत्रासाठी बैठक बसली. सगळी घरं आली. तू उभा राहिलास आणि म्हणालास, "लिव मास्तर. आमी न्हवतो तवा आमची बैठक झाली कशी?" मग म्हातारा चिंधू म्हणाला, "झालं की. आजून काय लिवायचं?" तरी तू आणखी दोन वाक्यं घातलीस. पाणी आम्हालाही पाहिजे. बांध घालायचा का, कुठं घालायचा, या बैठकीत आमचं घर धरा, आमचं घर सोडून ठरलं ते ठरलं नाही. बस, एवढंच पत्र.

आणि मी काय केलं ते आता ऐक.

माझे वडील नगरला कचेरीबाहेर लिंबाखाली स्टूल टाकून लोकांचे अर्ज लिहीत. त्यांनी मला हाताला धरून शिकवलं होतं की अर्जाला कंबर असावी आणि ती वाकलेली असावी. वरच्याला आधी मोठं करायचं, मग स्वतःला लहान करायचं, मग मागायचं. मी खोलीवर बसून तुझं पत्र इंग्रजीत लिहायला घेतलं आणि माझ्या हातून वडिलांचाच अर्ज उतरला. आम्ही गरीब, अडाणी, डोंगरकपारीत राहणारे लोक. आम्हाला अन्न नाही, वस्त्र नाही. आपण थोर, आपण दयाळू, आमच्या लेकरांकडं बघून काही मदत करावी. मला ते फार साधलं असं वाटलं. वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, गाढवासारखं!

तुझं वाक्य मी गाळलं. कसली बैठक, कुणाची बैठक, साहेबलोकांना काय कळणार, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं ते नव्हतं. मला ते वाक्य उर्मट वाटलं. मोठ्या माणसांशी असं बोलतात का? तुझ्या वतीनं मीच घाबरलो.

दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, "वाचून दाव." कागद इंग्रजीत, आणि मी मराठीत वाचलं ते तुझंच पत्र, तुझ्या वाक्यासकट. कागदावर नसलेलं वाक्य मी कागदावर डोळे ठेवून वाचलं. ही माझी पहिली लबाडी. कोऱ्या कागदावर अंगठे देऊन तुमच्या आजोबांच्या जमिनी गेल्या होत्या, म्हणून तुमच्या वाडीत कागदाला कुणी बोट लावत नसे. तू म्हणालास, "मास्तरनं लिवलंय. द्या अंगटं." आणि त्यांनी दिले. मार्था तोवर तिच्या देशी परतली होती. राजूरच्या पोस्टात जाऊन मीच पत्र टाकलं आणि वर तुझ्याकडून शाबासकी घेतली.

पुढं पावसानं दगा दिला. देशावर तर हाहाकारच होता, पण आपल्या डोंगरातही वरई दाण्यात भरली नाही, भाताची रोपं जागच्या जागी पिवळी पडली. दिवाळीनंतर दुष्काळी काम निघालं, आणि निघालं ते नेमकं त्याच बांधाचं. वाडीला हाकेच्या अंतरावर रोजगार, पण आपलंच घर बुडवायची माती आपल्याच डोक्यावरून वाहायची.

त्याच आठवड्यात मार्थाचं उत्तर आलं. तुझ्यासमोर फोडलं, आठवतं? तू पाकीट हातात घेऊन वास घेतलास. तिनं लिहिलं होतं की पत्र पोचलं, सगळ्यांना फार वाईट वाटलं, आणि त्यात मदतीची विनंती असल्यामुळे ते मदतकार्याच्या लोकांकडे दिलं. गरम कपड्यांचं पार्सल निघालं आहे. सभेत मात्र ते वाचता आलं नाही, कारण तिथं हक्कांबद्दलची पत्रं वाचली गेली. शेवटी तिनं विचारलं होतं: बांध कुणी ठरवला, कसा ठरवला, याबद्दल बुधाला काहीच म्हणायचं नव्हतं का? माझ्याशी तर तो त्यावर खूप बोलला होता.

मी वाचत होतो आणि तू माझ्या तोंडाकडं बघत होतास. त्या क्षणी सांगता आलं असतं. चार शिव्या घातल्या असत्यास, चार दिवस बोलला नसतास, मग पुन्हा बैठक बसली असती आणि नवं पत्र गेलं असतं. पण मला माझी अब्रू प्यारी झाली. मी म्हणालो, "तुझं म्हणणं सभेत वाचलं. लोकांना पटलं. विचार चालू आहे, उत्तर येईल."

तुझा चेहरा असा फुलला की मला तिथं बसवेना. तू बाहेर जाऊन जो भेटेल त्याला सांगत सुटलास. आणि बैठकीत तू सांगितलंस की उत्तर येईपर्यंत बांधावर कुणी जायचं नाही. आपणच माती टाकली तर तिकडची माणसं म्हणतील, यांना कबूल होतं. वाडीनं मानलं. जवळचं काम सोडून सगळी चार कोसांवर रस्त्याच्या खडीला जायला लागली. दिवस उगवायच्या आत निघायचं, दिवसभर दगड फोडायचे आणि पुन्हा चढ चढून यायचं. अर्धपोटी माणसं, बुधा. आणि तू सगळ्यांच्या पुढं.

मी तुला अडवलं. तेवढं एक मी केलं, पण तेही कसं! म्हणालो, "जा की बांधावर. पोट आहे का काय आहे? त्या पत्राच्या भरवशावर किती दिवस काढणार?" तू थांबलास. छाती वरखाली होत होती, ओठ फुटले होते. म्हणालास, "आरं, तूच म्हनलास न्हवं उत्तर येतंय?" मी म्हणालो, "हो, पण..." तू म्हणालास, "मंग झालं तर." त्या 'पण'च्या पुढं माझी जीभ रेटली नाही. ते भांडण तिथंच अर्धं राहिलं आहे. त्यात तू खरा होतास आणि मी खोटा, हे लिहून ठेवतो.

पौषात तुझी छाती धरली. ताप, खोकला, दोन दिवस अन्न नाही. तुला झोळीत घालून राजूरच्या दवाखान्याकडं निघालो. एका खांद्याला मी होतो, आणि मला डोंगर उतरायची सवय नाही म्हणून झोळी सारखी हिसडत होती. तू कण्हला नाहीस. पठारावर खांदेपालट करायला थांबलो तेव्हा तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "आलं का रं?"

मी म्हणालो, "येतंय."

तू ऐकलंस की नाही, माहीत नाही. रस्ता लागायच्या आत तू गेला होतास. दवाखान्यात नेलंच नाही, तिथूनच तुला परत वर आणलं. येताना झोळी मी एकदाही दुसऱ्याला दिली नाही. त्यानं काय होतं म्हणा.

पार्सल सातव्या दिवशी आलं. लोकरीच्या टोप्या, जाड कोट, पोरांचे मोजे. मला वाटलं, कुणी हात लावणार नाही. असं मलाच वाटायचं, मानी माणसांच्या गोष्टी आपल्याला आवडतात. थंडी होती, पोरं उघडी होती, त्यांनी घेतलं. तुझी धाकटी एका परक्या मुलीचा लाल कोट घालून शाळेत येते. तो तिला पायांपर्यंत येतो. मला फळ्याकडं तोंड करून शिकवावं लागतं.

काल मी बैठक मागितली. वाघोबापुढं सगळी घरं आली. तुझ्या घरचं माणूस म्हणून तुझी घरवाली ठमाबाई बसली, पदर घट्ट आवळून. मी उभा राहून सगळं सांगितलं. वाक्य गाळलं ते, खोटं वाचलं ते, उत्तर लपवलं ते, आणि झोळीजवळचं सुद्धा. कुणी ओरडलं नाही. कुणी मारलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटत राहिलं. चिंधू म्हातारा रडायला लागला, पण माझ्यासाठी नव्हे.

मग ठमाबाईनं विचारलं, "त्यानी सांगितल्यालं तुला लिवायचं न्हवतं, तर तवाच का न्हाई म्हनला? बैठकीतच तर हुतास."

मी म्हणालो, मला वाटलं, असं लिहिलं तर तुमचं भलं होईल.

"खुंट्या ठोकनारं बी त्येच म्हनत्यात," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. रात्रंदिवस रडून तिचा आवाजच बसला आहे.

मी म्हणालो की आता नवं पत्र लिहितो, त्याचंच वाक्य, तुमच्यादेखत, अक्षर अन् अक्षर समजावून सांगून. चिंधूनं नको म्हणून हात हलवला. बांध एव्हाना पुरुषभर वर आला आहे, दुसऱ्या गावांची माणसं कामावर आहेत. घरात दाणा नाही. उद्यापासून बांधावर जायचं, असं बैठकीनं ठरवलं. एकेका घराला विचारलं. एकेक घर 'व्हय' म्हणालं. ठमाबाईची पाळी आली तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही, आणि तोवर सगळी थांबली. मग तिनंही 'व्हय' म्हटलं. आज सकाळी ती पाटी घेऊन गेली. बुधा, ती तुझ्या भाताच्या खाचरावरून माती वाहते आहे.

उठताना कुणीतरी म्हणालं, "मास्तरचं घर आता बैठकीत धरायला नगं." दोघं-चौघं हो म्हणाले. मलाही ते बरोबर वाटलं, मी उठायला लागलो. तेव्हा ठमाबाई म्हणाली, "बस खाली. त्याचं घर धरायचं का न्हाई, त्ये त्याला इचारल्याबिगर कसं ठरवता?"

आणि त्यांनी मला विचारलं. ज्यानं तुझा घात केला त्या माणसाला सगळी वाडी गप्प बसून विचारत होती, आणि माझ्या उत्तरासाठी थांबली होती. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. अजून फुटलेला नाही. बैठक मोडली नाही, उद्यावर ठेवली आहे. मी आलो नाही तर ती माझ्या दारात येईल, हे मला माहीत आहे.

माणूस गेल्यावर लोक म्हणतात, एवढं विचारायचं राहून गेलं. मला तसं म्हणून सुटता येणार नाही. राहून काही गेलं नाही, बुधा. तू समोर बसला होतास, आणि मी तुला विचारलं नाही.